फळा आणि वही

आमच्या चाळीच्या कमिटीकडे भाड्याचं एक रजिस्टर आहे. राणीच्या बागेपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आमची चाळ. मालकाचा मेहता दर महिन्याला भाडं घ्यायला यायचा, आणि वसुलीची वही त्याची. केवळ त्या वहीवर विसंबून राहायला नको म्हणून कमिटीने स्वतःची वही ठेवायला सुरुवात केली. पहिली नोंद १९३९ची आहे. लाल खारव्यात बांधलेलं ते बाड एका लोखंडी पेटीत असतं आणि पेटीची किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंकडे असते. त्यांचे सासरे कमिटीचे चिटणीस होते. किल्ली तेव्हापासून त्या घरात आहे.

गेल्या वर्षी पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि या बाडाचा भाव एकदम वधारला. मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली होतो. त्यात १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेलं नवं भाडेकरूपण धरलं जात नाही. म्हणजे कोण, कोणत्या खोलीत, कधीपासून आणि कोणाच्या मागून राहतंय याला महत्त्व आलं. भाडेपावत्या हरवतात, भिजतात, वाळवी खाते. वही मात्र पेटीत होती.

चाळीतल्या मुलांनी ती स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतली. आता योगायोग असा, की तांत्रिक दस्तावेज लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ओळखीतल्या दोन प्रोग्रामरांनी त्या सुमारास एक छोटं साधन बनवलं होतं. एआय एजंटने, म्हणजे काम सांगितलं की ते पायरीपायरीने स्वतः करू पाहणाऱ्या भाषिक मॉडेलने, स्प्रेडशीट उघडावी, वाचावी, तिच्यात बदल करावेत, यासाठी ते साधन होतं. ते कसं वापरायचं हे एजंटला सांगणारा मजकूर मी लिहायचा होता. चाचणीला खरी, मळलेली, माणसांनी भरलेली फाइल हवी होती. मी चाळीची दिली.

पहिलं काम सोपं सांगितलं: १९४६ सालच्या भाड्याची बेरीज कर. चाळीस खोल्यांच्या चाळीचं वर्षाचं भाडं एजंटने नव्वद लाखांच्या पुढे सांगितलं.

सात रुपये, चार आणे, सहा पै

काय झालं होतं ते कळायला अर्धा दिवस गेला. जुन्या वहीत रक्कम रुपये-आणे-पै अशी लिहिलेली. सात रुपये चार आणे सहा पै म्हणजे ७-४-६. मुलाने ते जसंच्या तसं टंकलं. स्प्रेडशीटला ती तारीख वाटली. संगणकाची मांडणी भारतीय असेल तर ७ एप्रिल २००६, अमेरिकी असेल तर ४ जुलै २००६. आमच्याकडे एप्रिल झाला. स्प्रेडशीटच्या पोटात तारीख तारीख म्हणून राहत नाही. १९०० सालच्या सुरुवातीपासून मोजलेला दिवसांचा आकडा म्हणून राहते. ७ एप्रिल २००६चा आकडा ३८,८१४. एजंटने तो रुपये समजून बेरजेत धरला. आणि जिथे ७-०-० होतं, तिथे शून्य क्रमांकाचा महिना नसल्यामुळे तो मजकूरच राहिला आणि बेरजेतून गळला. म्हणजे आणे होते त्यांचं भाडं चाळीस हजारांच्या आसपास आणि आणे नव्हते त्यांचं काहीच नाही.

यात एजंटला दोष देणं सोपं होतं. पण माझ्या मजकुरात वाक्य काय होतं? ‘वाचा ही क्रिया सेलमधलं मूल्य परत करते.’ त्याने तेच केलं होतं. सेलमध्ये मूल्य ३८,८१४ होतं. ७-४-६ कुठेच उरलं नव्हतं. वाचणारा माणूस असता, तर एका खोलीचं भाडं अडतीस हजार बघून थांबला असता, शेजारच्या टेबलावर विचारलं असतं. माझ्या वाचकाला शेजारचं टेबल नव्हतं, आणि विचारायची मुभा आहे हे मी लिहिलं नव्हतं.

हे सगळं एका जुन्या गोष्टीकडे घेऊन गेलं. स्प्रेडशीटला आपण वही समजतो. तिच्यात रकाने असतात, ओळी असतात, खाली बेरीज असते. पण तिचा जन्म वहीच्या पोटी झालेला नाही.

फळ्यावरून

१९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर एका उद्योगाच्या हिशोबाचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं, की फळाच असा असावा जो एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलेल. बॉब फ्रँकस्टनने त्याचा प्रोग्राम लिहिला आणि १९७९ साली अ‍ॅपल-टू संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आला. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आला, १९८५ साली मॅकिंटॉशवर ‘एक्सेल’. पुढची कहाणी आपल्या सगळ्यांच्या ऑफिसातली आहे.

म्हणजे स्प्रेडशीट ही फळ्याची लेक. फळ्याचा गुण हाच, की तो पुसता येतो. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न विचारायला पुसता येणारी जागा लागते. वहीला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: ‘तेव्हा काय झालं?’ आपण गेली चाळीसेक वर्षं फळ्यावर वह्या लिहितो आहोत.

त्याची किंमत अधूनमधून मोजावी लागली आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावं मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी होती. संशोधकांच्या तक्त्यांत ती तारखा होऊन बसत. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस सरकारी मोजणीतून सुटले, कारण जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि त्यापुढचं पडलं. आरडाओरडा न होता पडलं.

माझी आवडती चूक मात्र त्याहून जुनी आणि निरुपद्रवी आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जावा लागतो. पण लोटस १-२-३ने ते लीप वर्ष धरलं. नंतर आलेल्या एक्सेलने लोटसच्या फाइली बिघडू नयेत म्हणून ही चूक जाणूनबुजून पुढे चालवली. आजही एक्सेलच्या हिशोबात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. आमच्या ३८,८१४मध्येसुद्धा तो कधीच न उगवलेला दिवस मोजलेला आहे. आमच्या खोलीभाड्यात.

वहीची शिस्त

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. छापखाना भायखळ्याचा. म्हणजे कीर्द, खतावणी, तेरीज हे हिशोबनिसांचे शब्द आमच्याच वस्तीत शिशाच्या खिळ्यांतून कागदावर उतरले. माझ्या कामात या शब्दांनी मला इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त मदत केली. कीर्द म्हणजे जे जसं घडलं तसं, त्याच क्रमाने लिहिणं. खतावणी म्हणजे कीर्दीतून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणं. तेरीज म्हणजे गोषवारा. तीन कामं, आणि त्यांचा क्रम ठरलेला. खतावणी चुकली तर कीर्दीवरून दुरुस्त करता येते. कीर्द चुकली तर कशावरून करणार? म्हणून कीर्दीला हात लावायचा नाही.

लिहिणाऱ्याला नियम घालून देण्याची आपल्याकडे परंपराही जुनी. शिवकाळात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हा त्याच्या दहा वर्गांपैकी एक वर्ग लेखनाचा ठेवावा लागला. राज्य चालवायचं तर किल्ल्यांइतकीच कागदांचीही बोली ठरवावी लागते.

कमिटीचे चिटणीस काही दरबारी नव्हते. पण त्यांच्या वहीत ही शिस्त पानोपान दिसते. रकमेपुढे ‘अक्षरी’ लिहून ती शब्दांत पुन्हा मांडलेली आणि शेवटी ‘मात्र’, म्हणजे मागून कोणी आकडा चिकटवू नये. महिना संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ, म्हणजे नंतर कोणी ओळ घुसवू नये. आणि चूक झाली तर खोडायची पद्धत: चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर नवा शब्द, बाजूला सही आणि तारीख. शाळेत आपल्याला ‘खाडाखोड करू नये’ शिकवलं. हिशोबनिसाला खाडाखोड कशी करावी हे शिकवलेलं असायचं.

ही शिस्त हौसेची नव्हती. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४०चं भाडं आधार धरलं. म्हणजे त्या तारखेला वहीत ७-४-६ होते की ७-१४-६, यावर पुढची अनेक दशकं एका कुटुंबाचा खर्च ठरला. मग १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि त्या महिन्यापासून वहीतला तोच रकाना वेगळ्या मापात बोलू लागला. चिटणीसांनी पानाच्या माथ्यावर ‘न. पै.’ असं लिहून ठेवलं आहे. टंकणाऱ्याने माथा टंकला नाही. माथ्याला रकाना नव्हता.

खोली नंबर २३

बेरजेची चूक हसण्यावारी गेली. दुसरी चूक गेली नाही.

यादी स्वच्छ करायचं काम एजंटला दिलं होतं. सुमारे सहाशे ओळींच्या त्या तक्त्यात प्रत्येक खोलीचे भाडेकरू सालवार होते. काही ओळी चुकून दोनदा टंकल्या होत्या. माझ्या मजकुरात एक वाक्य होतं: ‘दुहेरी ओळी आढळल्यास त्या काढून टाकता येतात.’ एजंटने सतरा ओळी काढल्या. सोळा खरोखर दुहेरी होत्या. सतरावी खोली नंबर २३ची, १९५८ सालची होती.

मूळ पानावर तिथे एक नाव आहे, त्यावर एक आडवी रेघ, वर दुसरं नाव, बाजूला चिटणीसांची सही आणि तारीख. दोघे सख्खे भाऊ. थोरला गिरणीची नोकरी सोडून गावी गेला, धाकट्याच्या नावावर खोली झाली. टंकणाऱ्या मुलाने विचार करून दोन्ही नावं दोन ओळींत घातली होती. खोली तीच, साल तेच, आडनाव तेच, बापाचं नाव तेच. एजंटला ती दुहेरी नोंद वाटली आणि त्याने वरची ठेवली. वरचा थोरला होता. धाकटा यादीतून गेला.

धाकट्याची सून आज त्या खोलीत राहते. थोरल्याचे नातू ठाण्याला असतात. पुनर्विकासाचं नाव निघाल्यापासून ते दर रविवारी येतात. स्वच्छ केलेली यादी कमिटीच्या बैठकीत वाचली गेली तेव्हा ती बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी होती.

“भाऊ, मशीनमध्ये आमचं नाव नाही म्हणतात. मग आम्ही एवढी वर्षं राहतोय ते काय?”

मी तिला सांगितलं, की मशीनचं काय घेऊन बसलात, वही आहे ना. आणि काकूंकडे गेलो, पेटी उघडवली, पान काढलं. रेघ होती, सही होती. पान दाखवलं तेव्हा तिने दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

त्या दिवशी वही होती म्हणून निभावलं. पण फाइल एकदा तयार झाली की बैठकीत फाइलच वाचली जाते. आणि ते वाक्य मी लिहिलं होतं.

कोणासाठी लिहितोय

एजंटसाठी लिहिलेला दस्तावेज दिसायला किरकोळ असतो. २०२३च्या मध्यापासून भाषिक मॉडेलांना बाहेरची साधनं वापरायला देण्याची रीत रूढ होत गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये अशा साधनांसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेतही आला. साधनाची ओळख तीन गोष्टींनी होते: क्रियेचं नाव, तिला काय द्यायचं याचा नमुना, आणि साध्या भाषेतलं वर्णन. मॉडेल ते वर्णन वाचून कोणती क्रिया कधी वापरायची ते ठरवतं. पुढचं काम नव्याने सुरू झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचतं. कालचा अनुभव आपण लिहून ठेवला नाही, तर त्याच्या हाती नसतो. आपण रोज सकाळी नवा उमेदवार कारकून पेढीवर बसवावा आणि त्याला एकच कागद द्यावा, तसं.

माणसांसाठी लिहिताना आम्ही बरंच गृहीत धरतो. कोणीही माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही, अडला की उघडतो. हा वाचक सगळं वाचतो आणि सगळं खरं मानतो. ‘काढून टाकता येतात’ हे मी शक्यता म्हणून लिहिलं होतं. त्याने परवानगी म्हणून वाचलं. आपल्या बोलीत ‘येतं’ आणि ‘चालतं’ यांत अंतर आहे. माझ्या वाक्यात ते नव्हतं.

मी मजकूर पुन्हा लिहिला. पहिला दीड पानांचा होता, नवा साडेचार पानांचा झाला. मूळ इंग्रजीत आहे, आशय सांगतो.

मूळ टंकलेलं पान ही कीर्द आहे. ते फक्त वाचायचं. दुरुस्ती, बेरीज, वर्गवारी, जे काही करायचं ते दुसऱ्या पानावर, आणि तिथल्या प्रत्येक ओळीत ती मूळ कोणत्या ओळीतून आली तो क्रमांक.

वाचताना सेलमधलं मूल्य, त्याचं दिसणारं रूप आणि त्याची जात, म्हणजे संख्या, मजकूर, तारीख की सूत्र, हे तिन्ही वाचायचं. रकमेच्या रकान्यात तारीख दिसली तर थांबायचं.

१९५७च्या मार्चपर्यंतच्या रकमा मजकूर म्हणून जपायच्या आणि शेजारच्या रकान्यात पै करून मांडायच्या. रुपयाच्या १९२ पै. ७-४-६ म्हणजे १,३९८. बेरीज पैंची करायची.

सूत्र असलेल्या सेलमध्ये सूत्र आणि त्याचं शेवटचं उत्तर अशा दोन गोष्टी साठवलेल्या असतात. आमचं साधन ज्या पायथन ग्रंथालयावर उभं आहे, ते सूत्र सोडवत नाही. फक्त उत्तरं वाचायच्या रीतीने फाइल उघडून ती तशीच जतन केली, तर सगळी सूत्रं जातात आणि त्या जागी मेलेले आकडे उरतात. म्हणून त्या रीतीने उघडलेली फाइल कधीही जतन करायची नाही.

ओळ काढली की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात. अनेक ओळी काढायच्या तर खालून वर जायचं आणि काढल्यावर पुन्हा वाचून खात्री करायची.

आणि शेवटचे दोन नियम, जे चिटणीसांकडून घेतले. एक: नाव, खोली किंवा तारीख बदलायची तर जुनं पुसायचं नाही. जुनं तसंच ठेवायचं, नवं शेजारी, आणि कोणी, कधी, कशावरून बदललं ते तिसऱ्या रकान्यात. दोन: एका खोलीत एका साली दोन नावं दिसली तर ती दुहेरी आहेत असं ठरवायचा अधिकार तुला नाही. काम थांबव आणि विचार.

दोघा प्रोग्रामरांपैकी एक वैतागला. म्हणाला, एवढं थांबवायचं तर एजंट कशाला? त्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. जुनं काम चार मिनिटांत झालं होतं. नव्याला सव्वा तास लागला, कारण वाटेत तो अकरा वेळा थांबला. प्रत्येक वेळी मला पेटी उघडवून पान बघावं लागलं. दहा वेळा नुसती टंकण्याची चूक निघाली. अकरावी खोली नंबर ९. १९७१ साली एका नावावर रेघ, वर त्याच्या बायकोचं नाव, आणि सहीच्या जागी अंगठा. ही नोंद टंकणाऱ्याच्याही नजरेतून सुटली होती आणि कमिटीतल्या कोणाला आठवत नव्हती. काकूंना आठवली. बाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, नवरा वारल्यावर चिटणीसांनी स्वतः त्यांना बोलावून घेऊन नाव चढवलं होतं.

आता तक्त्यात ‘पूर्वीचं नाव’, ‘बदल’ आणि ‘कशावरून’ असे तीन जास्तीचे रकाने आहेत. मुलं म्हणतात, प्रिंट काढताना पानात मावत नाही. आडवं काढा म्हटलं.

शेवटच्या दिवशी काकूंनी बाड परत खारव्यात बांधताना विचारलं, “अकरा वेळा थांबला म्हणालास. त्याला थांबायला कोणी शिकवलं?”

“मी लिहून दिलं.”

“आणि तुला?”

मी बाडाकडे बोट दाखवलं. त्यांनी गाठ मारली, पेटी लावली, किल्ली कनवटीला खोचली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.